कंपवात : शस्त्रक्रिया केव्हां?

मेंदूवरील शस्त्रक्रिया म्हणजे अखेरचा उपाय, हें मत आपल्या घरांतून इतकें दृढ आहे कीं, त्याची छाननी करण्याचें कोणास सुचत नाहीं. कंपवाताच्या बाबतींत मात्र ती अवश्य झाली आहे.

या व्याधीचें वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं केलें. मेंदूंतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झडत जातात. लेव्होडोपा हें औषध ती उणीव भरून काढतें. (आपल्या खाजकुयलीच्या बियांत तेंच द्रव्य असतें, म्हणून त्या घरीं कुटून मात्रा मात्र ठरवूं नये!) कांहीं वर्षांनीं गोळीचा अंमल लवकर ओसरूं लागतो, आणि अंमल असतां मान व हात आपोआप वळवळूं लागतात. अशा वेळीं मेंदूच्या अंतर्भागांतील, मसुराच्या दाण्यासारख्या आकाराच्या केंद्रांत बारीक तारा पोंचवून, छातीच्या त्वचेखालीं बसविलेल्या यंत्रानें विजेचे सौम्य स्पंद देतात. फ्रान्समध्यें ग्रनोब्ल येथें बेनाबिद यांनीं १९८७ सालीं या पद्धतीचा पाया घातला.

माझ्या पुतण्यास डॉक्टरांनीं हा उपाय सुचविला. वय चोपन्न, व्याधीस सात वर्षें झालेलीं. आमचे दादा म्हणाले, "चालतो-फिरतो आहे तोंवर डोक्यास भोंक कशाला? अंथरुणास खिळला म्हणजे पाहूं." त्यावर सूनबाई हळूच म्हणाली, "खिळल्यावर ते उठवतील का, तें आधीं विचारावें, मामंजी."

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर बहुधा नकारार्थी आहे. कंप सोडला तर जें लक्षण औषधानें सुधारत नाहीं, तें प्रायः यंत्रानेंही सुधारत नाहीं. ढळलेला तोल व क्षीण झालेली स्मृति तारांनीं परत येत नाहींत. जर्मनी व फ्रान्समध्यें २५१ रोग्यांवर झालेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय ५२, व्याधि सुमारें साडेसात वर्षांची, आणि औषधाचे उपद्रव तीन वर्षांहून जुने नव्हते. दोन वर्षांनीं, औषधासह शस्त्रक्रिया झालेल्यांच्या जीवनमानांत सुमारें २६ टक्के सुधारणा आढळली. केवळ औषधावर असलेले जवळजवळ होते तेथेंच राहिले.

तथापि घाईही नको. आरंभींच्या वर्षांत कंपवातासारख्या भासणाऱ्या, पण या उपायास दाद न देणाऱ्या दुसऱ्या व्याधि ओळखणें कठीण असतें. शिवाय व्याधीची वाढ यानें थांबते, असें सिद्ध झालेलें नाहीं. शंभरांत एखाद-दुसऱ्यास मेंदूंत रक्तस्राव होतो. जंतुसंसर्गाचें भय असतें. मन खिन्न होऊं शकतें. वाणी अडखळण्याचा संभव तर मला सर्वांत चिंतेचा वाटतो, कारण पुतण्या शिक्षक आहे. हात कांपला तरी वर्ग चालेल. शब्द अडखळले तर कसा चालावा?

निर्णयापूर्वीं रात्रभर औषध थांबवून सकाळीं रोग्यास चालवून पाहतात, मग गोळी देऊन पुनः चालवितात. या दोन चालींतील अंतर किती, यावर पुष्कळसें अवलंबून असतें. त्या वेळीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं तेथें हजर राहून तें स्वतः पाहावें, आणि वाणीचा प्रश्न रोग्यानें स्वमुखानें विचारावा.