फऱ्याचा जंतू मांसात वाट कशी काढतो?

फऱ्या हा रोग हडकुळ्या जनावराच्या वाटेला फारसा जात नाही. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे, चांगले अंग धरलेले खोंड किंवा कालवड तो नेमकी गाठतो. पावसाळ्यात चरून आलेले जनावर मागच्या पायाने लंगडते, फऱ्यावर सूज चढते, ताप भरतो. सूज दाबली तर आत वायू धरल्यामुळे चरचर आवाज येतो. पुष्कळदा एक-दोन दिवसांत जनावर दगावते.

एवढ्या थोड्या वेळात हा रोग सबंध मांडीभर पसरतो कसा?

भिंतीत दोन विटांच्या मध्ये चिखल असतो, तसा शरीरात पेशींच्या मध्ये धाग्यांचे जाळे आणि खळीसारखा बुळबुळीत पदार्थ असतो. त्यातला मुख्य म्हणजे हायलुरॉनिक आम्ल. कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ साली तो प्रथम वेगळा काढला, आणि तोही गाईबैलांच्या डोळ्यांतल्या रसातून! दोन जातींच्या शर्करेचे मणी आळीपाळीने ओवलेली ही लांबच लांब माळ. ती पाणी धरून ठेवते आणि बाहेरून शिरलेल्याची वाटही अडवते.

आता भाकरीचा घास बराच वेळ चावून पाहा. तो गोडसर लागू लागतो, कारण पिठातली शर्करेची माळ लाळेतले विकर तोडते. फऱ्याच्या जंतूजवळही असेच एक विकर आहे. हायलुरॉनिडेज त्याचे नाव. ते ही खळ तोडून पातळ करते. मग जंतू आणि त्याचे विष पुढे सरकायला मोकळे. विष मांसाच्या पेशी फोडते, मांस काळे पडते. नागाच्या विषातही ह्याच जातीचे विकर असते. आणि गंमत अशी, की सुईने दिलेले औषध लवकर पसरावे म्हणून डॉक्टरही कधीकधी हेच विकर शुद्ध करून वापरतात.

या जंतूचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते, चाऱ्याबरोबर पोटात जाते आणि मांसात निपचित पडून राहते. मुका मार लागून तिथला प्राणवायू कमी झाला, की ते जागे होते. म्हणून 'कुणीतरी मारले असेल' असे म्हणत घरचे लोक थांबतात. तिथेच घात होतो.

सुजेवर डाग देणाऱ्यांना तर काय म्हणावे! काम चालले आहे आत खोल मांसात, आणि आपण भाजतो कातडी. अगदी सुरुवातीला पेनिसिलीन मिळाले तर काही जनावरे वाचतात. पण मांस मेले की तिथे रक्त पोहोचत नाही, आणि रक्ताबरोबर जाणारे औषधही नाही. तेव्हा लंगडणे दिसताच पशुवैद्यांना बोलवा. मेलेले जनावर फाडू नका, सोलू नका. त्याने बीज रानभर होते. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

जिथे हा रोग होतो, तिथे पावसाळ्यापूर्वी दरवर्षी लस टोचून घ्यावी. गेल्या वर्षी सहा महिन्यांच्या आतली म्हणून जी वासरे राहिली, ती यंदा आठवणीने दवाखान्यात न्या.