फिरणारे चाक आणि पुढे जाणारी गाडी

गेल्या सहलीत परतीच्या वाटेवर बसमधील मागच्या बाकांवर एकच गलका चालला होता. चौकशीसाठी आम्ही तिकडे गेलो, तेव्हा एका विद्यार्थ्याने हातातील मोबाइल लपविण्याऐवजी आमच्यापुढे धरला. पडद्यावर अमेरिकेतील एक भली मोठी पिकअप गाडी जागच्या जागी उभी होती. तिची मागची चाके भिंगरीसारखी फिरत होती आणि जळत्या रबराच्या धुराने सारा आसमंत झाकोळला होता. "सर, नव्या गाड्या असे करू देत नाहीत म्हणतात. मग ह्याने कसे केले?" असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न खोडकर होता, परंतु खरा होता. आणि खऱ्या प्रश्नास उत्तर न देणे हे शिक्षकास शोभत नाही. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा शास्त्राच्या शिक्षकांपुढे विद्यार्थी होऊन बसलो आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

चाक जमिनीवर न घसरता फिरते, तोवर त्याची जमिनीवरील पकड अधिक असते. इंजिनाचा जोर त्या पकडीच्या पलीकडे गेला, की चाक घसरू लागते; आणि एकदा घसरू लागले, की पकड आणखी कमी होते. पिकअप गाडीत इंजिन पुढे असते. मागचा हौदा रिकामा असला, की निम्म्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर पडतो, आणि जोर मात्र बहुधा मागच्या चाकांस मिळतो. म्हणून रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर चटकन चाके फिरविते. भारावाचून जोर मिळाला, की असे व्हावयाचेच!

नव्या गाडीत ह्यावर पहारा असतो. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे एक लहानसे यंत्र तेथे बसविलेले असते. एखादे चाक इतरांहून अवाजवी वेगाने फिरू लागले, की गाडीतील संगणक क्षणार्धात इंजिनाचा जोर कमी करतो किंवा त्या चाकास ब्रेक लावतो. ह्याच पहाऱ्याचे थोरले भावंड म्हणजे गाडीस भलत्या दिशेला वळू न देणारी स्थैर्ययंत्रणा. ती प्रथम १९९५ साली बॉश व मर्सिडीज-बेंझ ह्या जर्मन कंपन्यांनी मोटारीत आणली. अमेरिकेत १ सप्टेंबर २०११ पासून तयार होणाऱ्या सर्व हलक्या वाहनांस, पिकअप धरून, ती सक्तीची झाली.

मग त्या मनुष्याने काय केले? बहुतेक गाड्यांत पहारा उठविण्याचे एक बटण असते. काहींत ते कित्येक सेकंद दाबून धरावे लागते. ते दाबावयाचे, पुढची चाके ब्रेकने रोखावयाची आणि मागच्यांस पूर्ण जोर द्यावयाचा. पुष्कळ गाड्या तेवढ्यानेही बधत नाहीत. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले, की इंजिनच नमते घेते. आणि अमेरिकेच्या त्या नियमातील एक कलम आम्हांस फार मनोज्ञ वाटले: बटण दाबून स्थैर्ययंत्रणा बंद केली असली, तरी गाडी पुन्हा सुरू करताच ती आपोआप जागी झाली पाहिजे! काल मोडलेला नेम आज नव्याने पाळावयाचा, हे त्या निर्जीव यंत्रास साधते. आपणां सजीवांस साधेल तर काय पाहिजे!

"गाडी माझी, टायर माझे, मग मला अडविणारे हे यंत्र कोण?" असे विचारणारे लोक तिकडे आहेत. आमच्या मुलांचाही कल त्यांच्याचकडे दिसला. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. खरोखरच, प्रत्येक वेळी पहारा हितकारक असतो असे नाही. गाडी चिखलात वा वाळूत रुतली असता हा पहारा जोर तोडून टाकतो आणि गाडी तेथेच अडकते; म्हणून अशा वेळी तो बंद करावा, असे पुष्कळ गाड्यांच्या माहितीपुस्तकांतच सांगितलेले असते. नेम मोडण्याचीही एक वेळ असते. परंतु ती वेळ ओळखावयास नेमाचे मर्म ठाऊक असावे लागते.

गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान घेऊन निघालेली एक जुनी पिकअप आमच्या शाळेसमोरच्या तांबड्या चिखलात रुतली. तिच्यात पहारा नव्हताच. चालक जोर देई, चाक गरगर फिरे आणि अधिकच खोल जाई. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. "सवकास रे, सवकास!" एवढेच ते म्हणाले. त्यांनी माडाच्या झावळ्या चाकाखाली सारल्या आणि चालकास दुसऱ्या गिअरवर हलक्या पायाने गाडी उचलावयास सांगितले. गाडी निघाली. गावच्या म्हाताऱ्याला जे अनुभवाने ठाऊक होते, तेच जर्मनांनी संगणकास शिकविले!

पण दुसरी एक आठवण सुखाची नाही. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने पहिल्या पावसात वडिलांची रिकामी पिकअप काढली. हौद्यात मित्र बसला होता. मित्रास गंमत दाखवावी म्हणून त्याने वळणावर मागची चाके फिरविली. फिरणाऱ्या चाकास बाजूची पकडही उरत नाही. गाडीची पाठ वळली आणि हौदा जांभ्याच्या कुंपणावर आदळला. तो मित्र आज काठी टेकीत चालतो. ह्या मुलाने परीक्षेत घर्षणावरील प्रश्न बिनचूक सोडविला होता, हे आठवले, की आम्हांस आमच्याच अध्यापनाची लाज वाटते. धडा वहीत पोचला. पायात पोचला नाही.

म्हणून आमचे मत असे: पहारेकरी यंत्रे यावीत, जुन्या मालगाड्यांतही यावीत, त्यांनी प्राण वाचतात. परंतु यंत्राने आवरलेला मनुष्य संयमी झाला, असे कोणी समजू नये. जो केवळ बटणामुळे सरळ चालतो, तो बटण सापडताच वाकडा चालेल. गाडीतील पहारा एका बोटाने उठविता येतो. मनातील पहारा ज्याचा त्याने बसवावयाचा असतो.

विद्यार्थिमित्रहो, धूर आणि आवाज म्हणजे गती नव्हे. चित्रातील ती गाडी इतकी गर्जली, टायर जाळून बसली आणि एक हातही पुढे सरकली नाही. तुमच्यात जोर पुष्कळ आहे, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. त्यास भाराची व पकडीची जोड द्या, आणि वळणावर त्या म्हाताऱ्याचा शब्द आठवा: सवकास!