खडा निघाला, आजार राहिला

दुर्मीळ आजार म्हटले की आपल्याकडची चर्चा कोट्यवधींच्या इंजेक्शनपाशी सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते. तान्ह्या बाळासाठी समाजमाध्यमांवर वर्गणी गोळा होते, न्यायालयात याचिका जाते, आयातीवरचा कर माफ होतो. हे सगळे आवश्यकच आहे. केंद्राने मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले, मे २०२२ मध्ये रुग्णामागची मदत ५० लाख रुपयांपर्यंत नेली आणि पुढच्या वर्षी धोरणात नोंदलेल्या आजारांची जी औषधे रुग्णाच्या वैयक्तिक वापरासाठी आयात होतात, त्यांच्यावरचे सीमाशुल्क हटवले. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. पण मदत मिळवायची तर आधी आजाराचे नाव कागदावर यावे लागते. मूत्रमार्गाच्या दुर्मीळ आजारांत गाडी तिथेच अडते, आणि तिथे अडचण दर वेळी पैशाची नसते.

मुतखड्याचेच पाहा. ऊन, घाम, कमी पाणी, जास्त मीठ अशी त्याची कारणे सर्वांना पाठ आहेत. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते या नेहमीच्या कारणांनीच होतात. मात्र त्या गर्दीत थोडे रुग्ण असे असतात की, त्यांचा खडा जनुकातल्या दोषातून आलेला असतो. कळ तीच, सोनोग्राफी तीच, शस्त्रक्रियाही तीच. दुर्बिणीने खडा फोडला, स्टेंट घातला, काही दिवसांनी काढला. खड्याचे तुकडे छोट्या डबीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जातात. ‘बघा, केवढा होता!’ म्हणून ती डबी चार पाहुण्यांना दाखवली जाते आणि मग कपाटात किंवा कचऱ्यात जाते. निदान त्या डबीत असते.

सिस्टिन या अमिनो आम्लाचा शोधच मुळी मूत्राशयातल्या एका खड्यातून लागला. विल्यम वॉलस्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१० मध्ये त्याचे वर्णन केले. सिस्टिन्युरिया या आजारात मूत्रपिंड हे आम्ल लघवीतून परत शोषून घेऊ शकत नाही. ते लघवीत फारसे विरघळत नाही, म्हणून खडे होत राहतात. जगात सरासरी ७ हजारांत एकाला हा दोष असतो. लघवीच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली षटकोनी स्फटिक दिसले की, प्रश्न जवळपास सुटतो. उपचाराचा पायाही साधा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ३ लिटर लघवी होईल इतके पाणी, तेही रात्री उठून एकदा प्यायचे; मीठ कमी करायचे; लघवीची आम्लता घटवणारे पोटॅशियम सायट्रेट घ्यायचे; इतक्याने भागले नाही, तरच पुढची औषधे. हे कळलेच नाही, तर रुग्ण काही वर्षांनी पुन्हा त्याच टेबलावर येतो आणि दर वेळी मूत्रपिंडाचे थोडे नुकसान होते.

दुसरा आजार याहून दुर्मीळ आणि हळहळ वाटावी असा. एपीआरटी नावाच्या विकराच्या कमतरतेने होणारे खडे साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत आणि जुन्या रासायनिक तपासणीत ‘युरिक ॲसिड’ म्हणून खपून जातात. फरक कळतो तो इन्फ्रारेड तपासणीत. त्यावरचे औषध ॲलोप्युरिनॉल, म्हणजे गाउटसाठी वर्षानुवर्षे वापरली जाणारी स्वस्त गोळी. दुर्मीळ आजारावर इतका स्वस्त उपाय फार क्वचित सापडतो. तरीही मूत्रपिंडे निकामी होऊन, प्रत्यारोपण होऊन, नव्या मूत्रपिंडातही स्फटिक साठल्यावर निदान झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

सर्वांत क्रूर आहे तो प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया. दुखणे मूत्रपिंडात दिसते, पण दोष यकृतात असतो. पहिल्या प्रकारात यकृतातले एक विकर काम करत नाही, त्यामुळे यकृत बेसुमार ऑक्झलेट तयार करते. ते बाहेर टाकता टाकता मूत्रपिंडात खडे होतात, चुना साठावा तसे कॅल्शियमचे थर बसतात आणि अनेकांची मूत्रपिंडे लहानपणी किंवा तरुणपणीच निकामी होतात. मग डायलिसिस, आणि आपल्याकडे बहुतेकदा घरातलेच कोणी मूत्रपिंड द्यायला पुढे येते. आईने मूत्रपिंड दिले आणि यकृत तेच राहिले, तर ते नवे मूत्रपिंडही त्याच ऑक्झलेटच्या तोंडी जाते. म्हणूनच वर्षानुवर्षे या आजारावर यकृत व मूत्रपिंड अशा दोन्हींच्या प्रत्यारोपणाचा मार्ग होता. निदान आधी झाले नसेल, तर एका अवयवाचे दान वाया जाते.

यात एक वेळेचा सापळाही आहे. मूत्रपिंडे चालू असताना लघवीतले ऑक्झलेट मोजले की, संशय पक्का करता येतो. ती बंद पडत आली की, लघवीत ऑक्झलेट कमीच उतरते आणि तोच अहवाल फसवतो. तेव्हा रक्तातले ऑक्झलेट आणि जनुकीय तपासणी यांवर अवलंबून राहावे लागते. थोडक्यात, आजार जितका बळावतो, तितका तो शोधणे महाग आणि अवघड होते.

औषधाच्या बाबतीतही तसेच. यकृतात ऑक्झलेट तयार होण्याची साखळी तोडणारे लुमासिरान नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिका आणि युरोपात मान्य झाले. अमेरिकेत सवलती धरण्यापूर्वीची त्याची सरासरी वार्षिक किंमत ४ लाख ९३ हजार डॉलर सांगितली गेली. म्हणजे ४ कोटी रुपयांच्या आसपास, आणि तेही दर वर्षी. पन्नास लाखांची मर्यादा यापुढे काहीच नाही, हे मान्य. परंतु याच आजारात काही विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाने खरोखर गुण येतो, आणि भरपूर पाणी व सायट्रेट लवकर सुरू केले, तर मूत्रपिंडांना अवधी मिळतो. (ब-६ स्वतःहून घेऊ नये, मोठ्या मात्रेत ते नसांना इजा करते.) कोणता रुग्ण या स्वस्त बाजूला आहे, हे शोधल्याशिवाय कळायचे कसे?

मग खडा तपासला का जात नाही? माझ्या मते शस्त्रक्रियेला दर आहे आणि खड्याच्या तपासणीला मागणी नाही, हे पहिले कारण. खडा निघाला, की रुग्णही सुटला आणि डॉक्टरही. त्यात काही प्रयोगशाळा अजून जुन्याच रासायनिक पद्धतीवर थांबल्या आहेत. युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांची मार्गदर्शिका पहिल्याच खड्याच्या वेळी, तेही इन्फ्रारेड किंवा एक्स-रे पद्धतीने, विश्लेषण करायला सांगते. आपल्याकडे सर्वांचे लगेच जमणार नसेल, तर निदान लहान मुले, वारंवार खडे होणारे, दोन्ही मूत्रपिंडांत खडे असणारे, घरात आधी कोणाला झालेले आणि खड्यांबरोबर क्रिॲटिनिन वाढलेले, इतक्यांचे तरी झाले पाहिजे. सरकारी योजनेतून ज्याची शस्त्रक्रिया होते, त्याच्या कागदांत खड्याचा अहवाल सक्तीचा करणे हा काही मोठा खर्च नव्हे. डायलिसिस सरकारच्याच खर्चाने होणार असेल, तर त्याआधीचा हा खर्च हिशेबातही बसतो.

रुग्णाच्या घरच्यांनी काय करावे? डबी मिळाली, तर ती कोरडी ठेवून प्रयोगशाळेत द्यावी. घरी पडलेला खडाही गाळणीने धरता येतो. मूल असेल, तर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी विचारावी. यातले प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया आणि एपीआरटीची कमतरता आई व वडील या दोघांकडून दोष आला तरच होतात, सिस्टिन्युरिया बहुतेकदा तसाच. त्यामुळे मामे-आतेभावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत त्यांची शक्यता वाढते. एका मुलात आजार सापडला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या भावंडाला आज काहीही त्रास नसेल, सोनोग्राफीही स्वच्छ असेल. तरी त्याची लघवी तपासायची ती आत्ताच, मूत्रपिंडे धड असताना.