विद्येच्या दाराशी नवा द्वारपाल



शतकानुशतके आपणांस विद्येच्या दाराबाहेर उभे केले गेले. घटनेने ते दार उघडले. आता तेथे दुसरा द्वारपाल बसला आहे. तो जात विचारीत नाही. थैलीत किती आहे, एवढेच विचारतो. परंतु ज्यांची थैली पिढ्यान्‌पिढ्या रिकामी ठेवली गेली, त्यांना हे दोन प्रश्न निराळे वाटतील काय?

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. सरकारने हात आखडला, संस्थाचालकांनी हात पसरला. २००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अशा संस्थांवर राज्यास आरक्षण लादता येत नाही. तेव्हा संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) घातले. २०१४ साली न्यायालयाने ते वैध ठरविले. मात्र नीट ध्यानात घ्या : हे कलम, अल्पसंख्याक संस्था वगळून, राज्याला अधिकार देते, तुमच्या हाती आयती जागा देत नाही. त्यासाठी कायदा लागतो. महाराष्ट्राने २००६ साली खासगी व्यावसायिक महाविद्यालयांपुरता तो केला. केंद्राचा त्याच वर्षीचा कायदा केवळ केंद्रीय संस्थांपुरता आहे.

स्पर्धेने विद्या सुधारते, असे बाजाराचे भाट सांगतात. अर्धे गाव वेशीबाहेर थांबवून लावलेली शर्यत ही स्पर्धा नव्हे.

म्हणून देणगीसाठी शेत गहाण टाकू नका. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने कॅपिटेशन फी घेणे हा गुन्हा आहे. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा, लेखी तक्रार करा, आणि केंद्राकडे देशभरच्या खासगी संस्थांसाठी कायदा मागा. विद्या विकत घ्यावी लागली, तर समता कागदावरच राहील.