जुन्या पेट्यांतील पत्रें

लक्ष्मीपूजनाचे दिवशीं आमचे व्यापारी बंधु वह्यांची पूजा करितात. आजोबांच्या वेळच्या खतावण्याही कित्येक पेढ्यांवर बासनांत जपून ठेविलेल्या आढळतात. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु त्याच आजोबांस त्यांच्या धाकट्या बहिणीनें सासरहून धाडिलेलीं पत्रें माळ्यावरच्या पेटींत निघालीं, तर तीं मात्र वजनावर रद्दींत जातात. हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो.

१८५४ सालीं अंतर न पाहतां हलक्या पत्रास अर्धा आणा हा दर ठरला आणि १८७९ सालीं एका पैशाचें कार्ड निघालें. तेव्हांपासून लहान गांवच्या सामान्य कुटुंबांसही लेकीची खुशाली विचारणें परवडूं लागलें. पण टपाल स्वस्त झालें, म्हणून लेखणी तिच्या हातीं आली असें नव्हे. आठ-दहा वर्षांची मुलगी सासरीं जाई. अक्षरओळख नसल्यानें तिचें पत्र दिरानें किंवा सासऱ्यानें लिहावयाचें. ‘विनंति विशेष’ पासून ‘लोभ असावा’ पर्यंत सारें यथास्थित! ज्यांच्या घरीं जाच, त्यांच्याच हातीं लेखणी. मग जाच कागदावर उतरावा कसा? मुली लिहूं लागल्या तर भलत्यासच पत्रें लिहितील, असा आक्षेप त्या काळीं घेत. खरें भय त्या खरें लिहितील याचें होतें, असें आम्हांस वाटतें.

लेखणी हातीं आल्यावर काय होतें, याचा दाखला सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांस लिहिलेल्या १८५६, १८६८ व १८७७ सालच्या पत्रांत आहे. पहिल्या पत्राचे वेळीं त्या पंचविशीच्या, दुखण्यामुळें माहेरीं राहिलेल्या. शिकविण्याच्या कार्यावरून भावानें कसा दोष दिला व आपण त्यास काय उत्तर केलें, तें त्यांनीं पतीस कळविलें आहे. हीं पत्रें कोणी जपलीं, म्हणून तो बहीणभावांचा वाद आज आपणांस कळतो.

घरचीं लक्तरें वेशीवर कां टांगावीं, असें कोणी म्हणतील. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, पत्र जपणें म्हणजे चव्हाट्यावर वाचणें नव्हे. नक्कल करितांना नांवें गाळतां येतात. शिवाय अशुभ वर्तमानाचें पत्र वाचतांच फाडण्याची चाल असल्यानें दुःखाचा पुरावा आधींच थोडा उरला आहे. त्यांतून बरेंच लेखन मोडींत, आणि मोडी वाचणारे आतां विरळा.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, माळा झाडतांना जुना कागद निघाल्यास रद्दीवाल्यास बोलावण्यापूर्वीं तो मोडी जाणणाऱ्यास दाखवावा, बालबोधींत उतरवून घ्यावा, आणि घरीं जपणें न झाल्यास पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस विचारावें. खतावणींत घराण्याचें देणेंघेणें असतें. पण घरानें आपल्या लेकीसुनांस काय दिलें आणि त्यांचें काय घेतलें, हा हिशेब त्या पत्रांवांचून दुसरीकडे कोठेंही मांडलेला नाहीं.