नंबर प्लेट, 'जय भीम' आणि पोलिसाच्या हातातलं कलम

परभणीत वसमत रोडला किंवा जिंतूर रोडला तासभर उभे राहा. एमएच २२ च्या पाट्यांचे शंभर प्रकार दिसतील. कुठे नंबर एवढा तिरका की वाचायला मान वाकडी करावी लागते, कुठे २१४ हे आकडे 'राम' असे वळवलेले, कुठे ८०५५ चा 'बॉस' झालेला. कुणाच्या पाटीवर नेत्याचा फोटो, कुणाच्या पाटीवर जातीचे नाव. आणि आपल्या पोरांच्या गाड्यांवर निळ्या रंगात 'जय भीम', नंबर कोपऱ्यात कुठेतरी बारीक.

यावर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. वडीलधारे म्हणतात, पोरं वाया गेली. पोरं म्हणतात, बाकीच्यांना चालतं मग आम्हालाच का? दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. पण त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधावे लागेल, चौकात वाद घालून ते मिळणार नाही.

बहुतेकांना वाटते की फॅन्सी प्लेट म्हणजे पाचशे रुपयांची पावती. मोटार वाहन कायद्याचे कलम १७७ लावले तर तसेच आहे: पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडला तर १५००. मात्र याच कायद्याचे कलम ३९ काय म्हणते ते वाचा. गाडी नोंदणीकृत असली पाहिजे, एवढेच त्यात नाही. नोंदणी क्रमांक ठरवून दिलेल्या पद्धतीने लावलेला असला पाहिजे, असेही त्यात आहे. त्याचा भंग कलम १९२ मध्ये जातो. तिथे पहिल्या गुन्ह्याला २००० ते ५००० रुपये दंड आहे, आणि पुढच्या गुन्ह्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. कलम ३९ मोडले असे वाटले तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेण्याचा अधिकारही पोलिसाला आहे.

म्हणजे पाटी एकच, चूक एकच. पाचशेची पावती फाडायची, पाच हजारांपर्यंत न्यायचे की गाडीच उचलायची, हे चौकात उभा असलेला माणूस ठरवतो. समाजशास्त्रात याला अधिकाऱ्याचा स्वेच्छाधिकार म्हणतात. आपल्या वस्तीत त्याला 'साहेबाचा मूड' म्हणतात. हा मूड पाटीवरचा मजकूर वाचून, आडनाव ऐकून बदलत नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

हे परभणीत लिहिताना डिसेंबर २०२४ विसरता येत नाही. १० तारखेला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद झाला, नंतर धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. त्या दिवसांनंतर ज्या घरांनी पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांच्या मुलाला नाक्यावर थांबवण्याचे आयते कारण मिळणे ही किरकोळ गोष्ट नाही. जो तरुण उद्या मोर्चात पुढे असणार आहे, त्याच्या गाडीत चुका असणे हे चळवळीलाही परवडणारे नाही.

दुसरी बाजू पैशाची. हवा तो नंबर मिरवण्याचा कायदेशीर मार्ग आहे, पण तो श्रीमंतांचा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले. चारचाकीसाठी ०००१ हवा असेल तर पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सहा लाख. म्हणजे मिरवण्यावर बंदी नाहीच, फक्त तिची फी आहे. ज्याच्याकडे फी नाही तो रेडियमवाल्याकडे जातो.

सक्तीचा भारही असाच विषम आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, बंधनकारक केली आहे. दुचाकीला ४५० रुपये, कराससह ५३१. गंगाखेड-पालमकडच्या शेतमजुराची एका दिवसाची हजेरी त्यात जाते. इतर राज्यांपेक्षा हे दर जास्त असल्याची टीका झाली, मुदतही वारंवार वाढवली गेली. टीका रास्त आहे. तरीही ही पाटी बसवा, असेच मी सांगेन. चोरीच्या गाडीवर तुमचा नंबर टाकून कुणी गुन्हा केला तर निस्तरायचे तुम्हालाच, आणि त्या वेळी तुमची खरी पाटी, तिच्यावरचा लेझरने कोरलेला क्रमांक कामाला येतो.

शिवाय त्या पाटीच्या डाव्या कोपऱ्यात काय असते ते पाहिले का? वीस मिलिमीटरचे चकाकणारे अशोकचक्र. सम्राट अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरून आपल्या ध्वजावर आलेले चक्र सरकारनेच प्रत्येक गाडीवर लावून दिले आहे. ते काढून तिथे रेडियम चिकटवणारा बौद्ध तरुण मला तरी कळत नाही.

'जय भीम' लिहूच नये, असे मी म्हणत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम ५० पाटीविषयी बोलतो: इंग्रजी अक्षरे, इंग्रजी अंक, बाकी काही नाही. टाकी, मडगार्ड यांचा तिथे प्रश्न येत नाही. फक्त काचेच्या वाटेला जाऊ नका. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गाडीच्या काचांवर कोणतीही काळी फिल्म चिकटवायला मनाई केली आहे. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचा तर प्रश्नच नाही. आवाजाच्या नियमभंगाला कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिने कैद आहे. जयंतीच्या मिरवणुकीत तो आवाज विहारात बसलेल्या आजीच्या छातीत धडकी भरवतो, हे वेगळेच. चारचाकीवाल्यांनी जानेवारी २०१९ चा आणखी एक निकाल लक्षात ठेवावा: कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. मालकाने तसे केले तर कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

१४ एप्रिलच्या आधी मंडळांच्या बैठका होतात. वर्गणी आणि डीजेबरोबर त्यात एक विषय घ्या: वस्तीतल्या किती गाड्यांना एचएसआरपी नाही, कुणाकडे पैसे नाहीत, कुणाला ऑनलाइन नोंदणी जमत नाही. दोन शिकलेली पोरं मोबाईल घेऊन विहारात रविवारी बसली तर काम होते. नोंदणी परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, बनावट साइटही फिरत आहेत. आणि रस्त्यात अडवले तर हुज्जत नको. कोणते कलम लावले ते विचारा, ई-चलानवर तेच छापले आहे का ते तिथेच वाचा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.