उडी नको, पट्टा बांधा

पावसाळ्यात करूळ, भुईबावडा किंवा आंबा घाटात दरड कोसळली, झाड आडवे झाले की पहिला निरोप जातो तो जेसीबीवाल्याला. गळीत हंगामात ऊसतोडणी यंत्रे शेतात उतरतात. अशा यंत्रांच्या सीटला पट्टा असतो. पण तो पुष्कळदा सीटमागे धुळीत पडलेला दिसतो. ‘यंत्र कलंडले तर उडी मारता येईल, पट्ट्यात अडकलो तर संपलोच,’ असा चालकांचा हिशेब.

हा हिशेब उलटा आहे. ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटला, तर तो जमिनीवर आदळायला जेमतेम दीड सेकंद लागतो. धोका कळून हातपाय हलेपर्यंत त्यातला निम्मा वेळ गेलेला असतो. जड यंत्र कडेला कलंडते, तेव्हा माणूसही त्याच बाजूला फेकला जातो आणि केबिनची चौकटच अंगावर येते. छाती दबली की श्वास घेता येत नाही. कंबरेचे हाड मोडले तर आतल्या आत रक्तस्राव होतो. बाहेर जखम दिसत नाही आणि घाटातून कोल्हापूर गाठेपर्यंत वेळ निघून जातो.

स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरना संरक्षक चौकट सक्तीची केली. पुढे उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. चौकटीसोबत पट्टाही बांधला, तर असे मृत्यू जवळजवळ पूर्ण टळतात, असे अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्था सांगते. चौकट यंत्राचा भार झेलते, पट्टा माणसाला तिच्या आत ठेवतो. म्हणूनच चौकट नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये. आधी चौकट बसवावी.

चालकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. दिवसातून कितीदा तरी उतरावे लागते, चिखलाने बक्कल अडकते, पट्टा आखूड पडतो. त्यावर उपाय मालकाने करायचा आहे: आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा बसवावा, बक्कल साफ ठेवावे. डिझेल-ऑइल पाहतात, तसा पट्टाही रोज पाहावा. ठेकेदाराने आणि कारखान्याने त्याशिवाय यंत्र कामाला लावू नये.

पट्टा पोटावर नव्हे, खाली कंबरेच्या हाडांवर घट्ट हवा. यंत्र कलंडू लागलेच, तर स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत, पडत्या बाजूच्या उलट झुकावे. उडी मारू नये.